न्यूर्नबर्गचे रात्रीचे तीन

१० ऑगस्ट १५७१, संत लॉरेन्सचा दिवस

वारा दक्षिणेचा. सकाळी ऊन, दुपारी ढग, पाऊस नाही.

खरं तर एवढंच लिहायचंय. बाबांकडे यंदाचं एक पंचांग जास्तीचं होतं, छापील पानासमोर कोरं पान असलेलं. ते मला दिलं आणि म्हणाले, "ओटिली, रोजचा वारा आणि आभाळ टिपत जा. वर्षअखेरीला पंचांग काय म्हणालं होतं आणि देवाने काय केलं ते ताडून बघू." मी बरं म्हटलं. मी बहुतेक वेळा बरंच म्हणते. बोलायला गेलं की कान लाल होतात. गावातल्या बायका म्हणतात, पाद्रीबाबांच्या पोरीला जीभ द्यायची देव विसरला.

कोरी पानं पुरणार नाहीत म्हणून मी वाया गेलेले कागद मध्ये शिवून घेतलेत. वारा बाबांचा, बाकीचं माझं.

वाया गेलेले कागद भरपूर आहेत, कारण बाबा पुस्तक लिहितायत आणि त्याची स्वच्छ प्रत मी करतेय. शाळा माझी दहाव्या वर्षी सुटली. आईचं दुसरं बाळ गेलं होतं, ती अंथरुणातून उठेना, घरात कुणीतरी हवं होतं. पण अक्षर चांगलं राहिलं.

पुस्तकाचं नाव 'आकाश हे देवाचं पत्र'. शहरातल्या वरिष्ठ पाद्रींनी बाबांना सांगितलंय की कुंडल्या मांडणं हा पाखंडी लोकांचा धंदा आहे, चर्चच्या माणसाला शोभत नाही. बाबा म्हणतात, देवाने तारे नुसते उजेडासाठी केले नाहीत, खुणांसाठी केले, हे शास्त्राच्या पहिल्याच पानावर आहे. पूर्वेच्या शहाण्या लोकांना बाळ येशूपर्यंत कोणी नेलं? ताऱ्यानेच ना? मग पत्र आलंय आणि ते न फोडता चुलीत घालायचं, हा कुठला धर्म? सप्टेंबरअखेरच्या संत मायकेलच्या सणापर्यंत पुस्तक दाखवा, मग ठरवू, असा वरिष्ठांचा निरोप आहे.

मला बाबांचं पटतं. इतकं छान कुणाला मांडता येतं?

१९ ऑगस्ट

वारा नाही. उकाडा.

जेवताना बाबा खुशीत होते. म्हणाले, "शेतकरी आभाळ बघतो, त्याला कुणी पाखंडी म्हणत नाही. मी बघितलं की लगेच पाखंडी."

"शेतकरी पाऊस बघतो," आई म्हणाली. "माणसं नाही बघत."

"माणसंही पावसावरच वाढतात."

आई एरवी यावर काहीतरी ठेवून दिल्याशिवाय राहिली नसती. आज वाडग्यातली सातूची लापशी इकडून तिकडे करत बसली आणि तशीच मला दिली. आठवा महिना लागतोय तिला. दोघांचं खायला हवं.

तिचा निळा सणाचा झगा तिने गिरणीवाल्याच्या बायकोला देऊन टाकला. ती आज तो घालून चर्चमध्ये आली होती. पोट वाढलंय म्हणून बसत नसेल, दुसरा शिवेल.

२८ ऑगस्ट

वारा पश्चिमेचा, पावसाची एक सर.

आईच्या शिवणाच्या टोपलीत पांढऱ्या तागाचा एक लांब अंगरखा सापडला. बाळाचा नाही, फार लांब आहे. मी अंगाला लावून बघितला. आईच्या मापाचा आहे, पण पाठ उघडी, गुंड्या नाहीत. असला कुठला कपडा? चालायला लागलं की मागून सगळं दिसेल.

तेवढ्यात सुईण एल्सबेट आली. माझ्या हातातलं बघून ती थांबली. आत जाऊन आईचं पोट चाचपलं.

"बाळ आडवं आहे, बेनिग्नाबाई. रोज थोडं तेल लावून हळूहळू फिरवता येईल. आत्ता जागा आहे, महिन्याने नसेल."

"राहू दे गं एल्सबेट."

"राहू दे काय? पेटी आहे का ती, ठेवली तशी राहू दे म्हणायला?"

"देवाची इच्छा असेल तसं होईल."

"देवाची इच्छा मला ठाऊक नाही. माझे हात मला ठाऊक आहेत." जाताना दारात माझ्याकडे वळली. "तुझ्या आईने कफन कधीपासून शिवायला घेतलंय?"

कफन. मी ते अंगाला लावून बघितलं होतं.

३१ ऑगस्ट

आभाळ बघितलं नाही.

बाबांनी सहावं प्रकरण उतरवायला दिलं. 'एका सद्गुणी स्त्रीची कुंडली, पूर्वसूचना ही देवाची दया कशी असते याचा दाखला.' नाव दिलेलं नाही. जन्म न्यूर्नबर्ग, सन १५३४, संत मार्टिनच्या आदल्या दिवसाची रात्र, तीन वाजता. सातव्या वर्षी जिन्यावरून पडणं. चौदाव्या वर्षी ताप. विसाव्या वर्षी लग्न, धर्मगुरूशी. दोन बाळांचा मृत्यू. प्रत्येक गोष्टीसमोर कुठला ग्रह कुठे होता ते लिहिलंय, आणि सगळं चपखल बसतं.

मी निम्म्यापर्यंत आले तेव्हा कळलं ही आई आहे.

पुढे आहे: सदतिसाव्या वर्षी, बाळंतपणात, संत गालुसच्या दिवसाच्या, म्हणजे १६ ऑक्टोबरच्या आत, शनी आठव्या म्हणजे मृत्यूच्या घराच्या मालकाला गाठेल. ही स्त्री शांतपणे, सर्व तयारीनिशी, देवाघरी गेली. तारीख: आणि तिथे दोन बोटं जागा कोरी सोडलीय. बाजूला बारीक अक्षरात, 'नंतर भरणे.'

मी ते पान तीनदा वाचलं. मग दौत सांडली. मुद्दाम नाही.

३ सप्टेंबर

वारा उत्तरेचा.

तीन दिवस बोलायचा प्रयत्न केला. आज आई वाटाणे सोलत होती तेव्हा तोंडातून निघालं, "आई, तुला माहीत आहे?"

तिने वर बघितलं नाही. "तू सहावं प्रकरण लिहिलंस वाटतं."

तिला जूनमधल्या पेंटेकॉस्टच्या सणापासून माहीत आहे. बाबांनीच सांगितलं. "फार रडले गं ते. मीच त्यांना पाणी दिलं." मग म्हणाली, "किती बायका बेसावध जातात. मला देवाने आधी निरोप पाठवलाय, हे किती मोठं." हे वाक्य मी चौथ्या प्रकरणात उतरवलंय, जसंच्या तसं.

"पण एल्सबेट म्हणते बाळ फिरवता येईल."

"बाळ एल्सबेट काढेल कसंही. माझं काय, माझं लिहिलेलं आहे."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पहाटे वाटते. उजाडलं की काम असतं." शेंगा संपल्या होत्या तरी तिचे अंगठे चालू होते.

१४ सप्टेंबर

वारा नाही. धुकं.

उर्सेल मावशी आली, न्यूर्नबर्गहून, गाडीवानाच्या गाडीत पिंपांच्या मधे बसून, बाळंतपणासाठी. सोबत मसाल्याच्या वड्यांचा डबा आणि सगळ्या वाटेचं रडगाणं. आईला बघून तिचा चेहरा पडला, पण तोंड बंद झालं नाही. "पाद्रीबुवा, बायकोला उपास घडवताय की काय? आमच्याकडे पोटुशी बाई अशी दिसली तर शेजारी नवऱ्याला जाब विचारतात."

बाबा काहीतरी पुटपुटले आणि अभ्यासाच्या खोलीत गेले. मावशीला कुणी काही सांगितलेलं नाही.

१५ सप्टेंबर

हे नीट लिहायला हवं, कारण माझा अजून विश्वास बसत नाही.

मावशी आणि मी पिठाचे गोळे वळत होतो. ती आईबद्दल बोलायला लागली. "हिच्या पायी माझं बदक गेलं, ते मी अजून विसरले नाही."

"कुठलं बदक?"

"संत मार्टिनच्या सणाचं. मी सात वर्षांची. भाजलेलं बदक ताटात आलं, बापाने सुरी घातली, आणि आमच्या आईला कळा. तशा त्या दुपारपासूनच होत्या, पण तिला बदक सोडवेना. सुईण म्हणते, बाई आत चला. आई म्हणते, मांडीचा एवढा तुकडा खाऊ दे. शेवटी ओढत नेलं. आम्ही सगळी दाराशी कान लावून उभी. बेनी रडली, आम्ही धावत टेबलाशी आलो, तर मांजर बदकावर बसलेलं. वाढदिवस हिचा, बदक मांजराला."

मी हसले. मग हसता हसता थांबले. "पण आई तर रात्री तीनला झाली. आजोबांनी तिच्या स्तोत्रांच्या पुस्तकात लिहिलंय."

"मग? रात्री तीनच."

"रात्री तीनला बदक कोण खातं?"

मावशीने मी खुळी असल्यासारखं बघितलं. "अगं आमच्या तीनला. न्यूर्नबर्गला सूर्य बुडाला की रात्रीचे तास सुरू, एक, दोन, तीन. नोव्हेंबरात रात्रीचे तीन म्हणजे जेवायचीच वेळ. तुमच्यासारखं मध्यरात्रीपासून कोण मोजतं? मध्यरात्री कोण जागं असतं मोजायला?"

मी बोटांवर मोजलं. परत मोजलं. आई संध्याकाळी सातच्या सुमाराला जन्मली. बाबांनी पहाटेचे तीन धरले. आठ तास. आठ तासांत आकाश किती फिरतं ते मीच तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय. एक तृतीयांश.

मावशी म्हणाली, "गोळे वळ की, थांबलीस का?"

१६ सप्टेंबर, रविवार

प्रवचन झाल्यावर बाबांच्या मागोमाग खोलीत गेले. तोंडात शब्दच येईनात. शेवटी मी 'बदक' एवढंच म्हणाले. बाबा म्हणाले, "काय?" मग सगळं एका दमात सांगितलं.

त्यांनी मला रागवलं नाही. आईचं स्तोत्रांचं पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं आणि आजोबांच्या अक्षरावर बोट ठेवून बसून राहिले. चेहरा पिठासारखा झाला होता.

"हे मला ठाऊक आहे, ओटिली," ते म्हणाले. "न्यूर्नबर्गचं घड्याळ वेगळं चालतं हे मी मुलांना शिकवलंय. मी स्वतः शिकवलंय."

मग विचारलं, "आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"मला दोन दिवस दे."

१८ सप्टेंबर

वारा पूर्वेचा, असं वाटतं.

बाबांनी बोलावलं. टेबलावर नवी कुंडली, चौकोनात चौकोन, शाई ओली. उगवती रास बदलली, सगळी घरं बदलली. आठव्या घरात काही नाही. या वर्षी गुरूची चांगली नजर आहे. मला इतकं हलकं वाटलं की खुर्चीला धरलं.

"आणि जिन्यावरून पडणं?" मी विचारलं.

"तेही बसतं. मंगळाने."

"ताप?"

"चंद्राने."

"दोन बाळं?"

बाबांनी डोळे चोळले. "तीही बसतात. थोडी ओढाताण करावी लागते, पण बसतात."

आधीच्या कुंडलीतही सगळं बसलं होतं. ती चुकीची होती तरी बसलं होतं. मी हे मोठ्याने म्हटलं नाही. बाबांच्या तोंडाकडे बघून कळलं की म्हणायची गरज नाही.

"आईला कधी सांगायचं?"

"नाही सांगायचं."

मी ऐकलंच नाही असं मला वाटलं.

"असं बघ," बाबा म्हणाले. आवाज प्रवचनातला काढायला गेले, पण निघाला नाही. "ती तयार झालीय. मन शांत केलंय तिने. आता मी जाऊन म्हणू, तू जगणार आहेस? आणि गेली तर? बेसावध गेली तर? ते कुणाच्या माथी? चूक माझ्या हाताची, पण इशारा देवाचा असू शकतो. देवाला चुकलेल्या तासातूनही बोलता येतं."

"बाबा, ती जेवत नाही."

"ओटिली."

"एल्सबेटला हात लावू देत नाही."

"तू कुणाला काही बोलणार नाहीस. ही वडिलांची आज्ञा समज."

मी बरं म्हटलं. मी बरं म्हटलं. दोनदा लिहिलं गेलं, राहू दे.

२१ सप्टेंबर, संत मॅथ्यूचा दिवस

सांगितलं.

आई कपडे वाळत घालत होती. हात वर करायला जमत नव्हतं म्हणून मी दोरी खाली ओढून धरली होती. दोघींच्या मध्ये ओली चादर. तिचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच जमलं. बदक, मांजर, घड्याळ, नवी कुंडली, सगळं. बाबांची आज्ञा मोडतेय हेही सांगितलं.

चादरीपलीकडून दोरी एकदम खाली ओढली गेली. मला वाटलं तिला चक्कर आली.

"रात्रीचे तीन म्हणजे जेवणाची वेळ," आई हळू म्हणाली. "ते तर मला माहीतच आहे. जन्मापासून त्या बदकावरून टोमणे खातेय मी. मला कुणी विचारलंच नाही गं. पुस्तक मागितलं, मी दिलं."

मग तिने चादर बाजूला केली. मला वाटलं होतं ती रडेल किंवा देवाचे आभार मानेल. तिचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता.

"त्यांना कधी कळलं?"

"रविवारी."

"आज शुक्रवार."

"हो."

"पाच दिवस," ती म्हणाली. "पाच दिवस माझ्यासमोर बसून जेवले."

ती तिथेच उलट्या टोपलीवर बसली. पाय फाकवून, एखाद्या बाजारकरणीसारखी. "मी साडेतीन महिने मेलेय, टिली. सकाळी उठून मेलेय, भांडी घासताना मेलेय. या बाळाशी मी एक शब्द बोलले नाही. म्हटलं, ओळख कशाला वाढवायची."

मी तिचा हात धरला, तो साबणाने निसरडा होता.

"नवीन कुंडली काय म्हणते तेही मला नको," ती म्हणाली. "जगणार म्हणते म्हणून मी जगणार नाहीये. घरात काय आहे खायला?"

"खारवलेला मासा. रात्रीचे गोळे."

"आण. आणि एल्सबेटला बोलाव. धावत जा."

२३ सप्टेंबर

एल्सबेट रोज दोनदा येते. कोमट तेल, उशा, आईला गुडघ्यांवर टेकवून वाकायला लावते. पहिल्या दिवशी म्हणाली, "उशीर केलात. एक महिना वाया घालवलात." दार उघडं होतं. बाबा जिन्यात उभे होते, त्यांनी ऐकलं. आई त्यांच्याशी बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही.

मावशीला आता सगळं माहीत आहे. ती बोलते, दोघींच्या वाटचं. "पाद्रीबुवा, देवाचं पत्र वाचायच्या आधी पत्ता तरी बघायचा."

मला बाबांनी काही विचारलं नाही. मला वाटलं होतं मारतील. कधी मारलं नाहीये, पण वाटलं होतं. त्याचंच वाईट वाटतंय, न मारल्याचं.

२९ सप्टेंबर, संत मायकेलचा सण

पाऊस. पुस्तक शहरात गेलं नाही. बाबांनी वरिष्ठांकडे आणखी मुदत मागितली. बाळ अर्धं फिरलंय. अर्धं म्हणजे किती, विचारलं तर एल्सबेट म्हणते, "अर्धं म्हणजे अर्धं. तुझ्या बापाला नको सांगू, तो चित्र काढेल."

७ ऑक्टोबर, रविवार

काल सकाळी कळा सुरू झाल्या, आज सकाळी बाळ झालं. मुलगी.

मधलं सगळं लिहू शकत नाही. मला आत राहू दिलं, कारण हात कमी होते. एवढं रक्त एका माणसात असतं हे मला माहीत नव्हतं. एकदा एल्सबेटने मावशीकडे बघून नुसती मान हलवली आणि मावशी, जिचं तोंड कधी बंद नसतं, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं पहिलीच कुंडली खरी. मग वाटलं, मीच सांगितलं म्हणून झालं. आज्ञा मोडली म्हणून. तेवढ्यात आई ओरडली, "मेले तर मेले, पण हात काढू नकोस, एल्सबेट." आणि एल्सबेटने हात काढला नाही. बाळ शेवटी डोक्याने आलं.

बाबा चर्चमध्ये होते, लोकांसमोर. बहीण जगली म्हणून मावशीने नाचायला हवं होतं, पण ती पायरीवर बसून हुंदके देत राहिली. आई झोपली आहे. मी दर थोड्या वेळाने नाकासमोर हात धरून बघते.

१२ ऑक्टोबर

वारा पश्चिमेचा. निरभ्र.

आई उशांना टेकून बसते. ताप आला होता, उतरला. बाबा बाळाला घेऊन खोलीभर फिरतात. परवा त्यांनी आईच्या पलंगाशी गुडघे टेकले आणि काहीतरी म्हणाले. आई म्हणाली, "उठा, गुडघे दुखतील." एवढंच. पण बोलली.

आज दुपारी त्यांनी मला आईच्या खोलीतच कागद घेऊन बसवलं. म्हणाले, "सहावं प्रकरण नव्याने घे." मला आनंद झाला. वाटलं, आता बदक येईल, घड्याळ येईल, चूक येईल. बाबा खरं बोलणारे आहेत.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. एका सद्गुणी स्त्रीच्या कुंडलीत मृत्यू स्पष्ट लिहिलेला होता. पण तारे कल दाखवतात, जबरदस्ती करत नाहीत, आणि देव ताऱ्यांच्या वर आहे. पूर्वसूचनेमुळे ती स्त्री चार महिने प्रार्थनेत राहिली, आणि त्या प्रार्थनेने शनीचा हात वळवला. म्हणून हे पत्र वाचणं पुण्याचंच आहे.

मी लिहीत होते. हात आपोआप चालत होता. मग थांबले.

"बाबा, वेळ चुकली होती, ते कुठे घालायचं?"

"वाचकाला त्याचं काय. गोंधळेल उगाच."

"आणि एल्सबेट?"

"देव माणसांचे हात वापरतोच. लिही पुढे."

मी आईकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते, पण झोपली नव्हती, जबडा घट्ट होता. मला कळेना की हे माझेच बाबा आहेत का. ती गेली असती तर प्रकरण तयार होतं. ती जगली, तरी तयार आहे. आणि दोन्ही माझ्या अक्षरात. बाबा खोटं बोलत नव्हते, हेच जास्त भयंकर. त्यांचे डोळे भरले होते. त्यांना तसंच दिसतंय.

मी पान पूर्ण केलं. पूर्णविराम दिला.

मग त्यांनी घरचं बायबल उघडलं, जिथे आमची सगळ्यांची नावं आहेत. माझं, त्या दोन बाळांचं. लेखणी बुडवून त्यांनी लिहिलं, फेलिसिटास, सन १५७१, ७ ऑक्टोबर, रविवार. आणि माझ्याकडे वळून अगदी मायेने विचारलं, "वेळ काय होती गं? तू होतीस आत. घंटा ऐकली असशील."

आईने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले.

"अंदाजे?"

"माझं लक्ष नव्हतं."

"घंटा तर खिडकीबाहेरच आहे, ओटिली."

"मी आईकडे बघत होते, बाबा."

कान लाल झाले असतील, पण आवाज नीट निघाला. बाबांनी मावशीला हाक मारली. मावशी म्हणाली तिला फक्त न्यूर्नबर्गची वेळ कळते. एल्सबेटला विचारतो म्हणाले, तेव्हा आई म्हणाली, "एल्सबेट घंटा मोजत असती तर मी इथे नसते." बाबा थोडा वेळ लेखणी धरून बसले, शाई वाळेपर्यंत. मग बायबल मिटून खाली गेले.

मी घंटा ऐकली होती. बाळ रडलं तेव्हा ती वाजत होती, आणि मी प्रत्येक टोल मोजला होता, कारण मोजत राहिले नसते तर मी किंचाळले असते.

वर्षअखेरीला बाबा वारा आणि आभाळ ताडायला ही वही मागतील. म्हणून इथेही लिहीत नाही.